बाळाची दिवसाची झोप: कुणी, कशी आणि कधी सांभाळायची?

दहिवली, कर्जतहून बोलतोय. आजच्या भागात तान्ह्या बाळाच्या झोपेबद्दल बोलू, पण रात्रीच्या नाही, दिवसाच्या. सकाळी दहाची डुलकी, दुपारची झोप, संध्याकाळची ती अर्ध्या तासाची. रात्रीच्या जागरणाबद्दल सगळे बोलतात. पण ज्या घरात बाळ आहे तिथे अख्खा दिवस या डुलक्यांच्या भोवती फिरतो. आंघोळ कधी, कुकर कधी लावायचा, मीटिंग कधी घ्यायची, बाजारात कोण जाणार, सगळं त्यावरच ठरतं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरात नऊ महिन्यांची मुलगी आहे, बायको नोकरी करते. त्यामुळे वाचलंय बरंच, आणि रोज करतोयही. तब्येतीचा प्रश्न असेल तर बालरोगतज्ज्ञांनाच विचारा.

सुरुवात आकड्यांनी करू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार पहिल्या तीन महिन्यांत २४ तासांत १४ ते १७ तास झोप, ४ ते ११ महिन्यांत १२ ते १६ तास आणि एक ते दोन वर्षांत ११ ते १४ तास. ही झोप दिवस-रात्र मिळून. म्हणजे बाळ रात्री दहा तास झोपत असेल तर उरलेले दोन-चार तास दिवसाच्या डुलक्यांतूनच येणार. त्या डुलक्या म्हणजे जादाची चैन नाही, त्या हिशोबातल्याच आहेत.

आता बाळ सारखं का झोपतं? जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. आपल्यात ती ओढ सकाळपासून रात्रीपर्यंत हळूहळू चढते. बाळात ती फार लवकर चढते, म्हणून ते दीड-दोन तासांत पेंगायला लागतं. दुसरी गोष्ट, दिवस आणि रात्र ओळखणारं शरीरातलं घड्याळ जन्मतः तयार नसतं. ते साधारण दोन-तीन महिन्यांत बसायला लागतं. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत वेळापत्रक शोधू नका, मिळणार नाही. त्या काळात एवढंच करा: दिवसा घरात उजेड आणि नेहमीचे आवाज राहू द्या, रात्री अंधार आणि शांतता ठेवा.

तिसरी गोष्ट, बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण ४५-५० मिनिटांचं असतं. चक्र संपताना बाळ हलतं, कुरकुरतं, कधी डोळे उघडतं. आपण लगेच उचललं तर झोप तिथेच संपते. एक-दोन मिनिटं थांबून बघा, कधीकधी ते आपलं आपण पुन्हा झोपतं. रडायला लागलं तर उचला. पण कुरकुर आणि रडणं यातला फरक आठवडाभरात कान ओळखायला लागतात.

किती वेळ जागं ठेवायचं? ढोबळ अंदाज सांगतो. पहिले काही आठवडे तासभर, फार तर दीड तास. तीन-चार महिन्यांत दीड ते दोन तास. सहा महिन्यांत दोन ते तीन. नऊ महिन्यांच्या आसपास तीन तास, आणि दिवसाला दोन डुलक्या. दीड वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं एका दुपारच्या झोपेवर येतात. हे अंदाज आहेत, कायदा नाही. मोबाइलमध्ये अॅप असतात ना, '१०:४० ला झोपवा' अशी नोटिफिकेशन देणारी, ती याच सरासरीवर चालतात. अॅपला समोरचं बाळ दिसत नाही. तुम्हाला दिसतं. नजर शून्यात गेली, खेळण्यात रस संपला, कान ओढतंय, डोळे चोळतंय, की वेळ झाली. पाठ ताणून किंचाळायला लागलं म्हणजे वेळ टळून गेली. अतिथकलेलं बाळ लवकर झोपेल असं वाटतं, पण होतं उलटं.

माझी एक सूचना. फक्त एक आठवडा कागदावर लिहा: उठलं कधी, पेंगलं कधी, झोपलं किती. तेवढ्यात तुमच्या बाळाचा नमुना दिसतो. मग लिहिणं बंद करा. वर्षभर नोंदी ठेवत बसलात तर बाळापेक्षा स्क्रीनच जास्त बघाल.

आता झोपवायचं कुठे? इथे घराघरात वाद होतात, म्हणून नीट ऐका. बाळाला पाठीवर झोपवायचं. गादी सपाट आणि घट्ट हवी. आजूबाजूला उशी, जाड गोधडी, लोड, मऊ खेळणी नकोत. आपल्याकडे डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. झोपेत तीही नको. डोक्याच्या आकारासाठी बाळ जागं असताना, आपण समोर बसून, पोटावर खेळवा. त्यानं मानही बळकट होते.

झोळीचं काय? आपल्या कर्जत-खालापूरकडे साडीची झोळी घरोघरी आहे. वीटभट्टीवर, शेताच्या बांधावर, झाडाला बांधलेली झोळी आपण सगळ्यांनी बघितली आहे. जी बाई भट्टीवर काम करते तिला जमिनीवरच्या विंचू-सापापासून बाळ वर ठेवायचंय. तिला 'झोळी वापरू नका' असं फोनवरून सांगणं सोपं आहे. पण ज्यांच्या घरात सपाट जागा आहे त्यांनी धोका समजून घ्या. झोळीत बाळ वाकडं होतं, हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाची श्वासनलिका दबू शकते. बाळ कूस बदलायला लागलं की पडण्याचा, कापडात किंवा दोरीत अडकण्याचा धोका वाढतो. म्हणून झोळीत हलवून झोपवलं तर नजरेसमोरच ठेवा, झोप लागली की सपाट गादीवर घ्या, आणि कूस बदलायला लागलं की झोळी सोडा. कापडात गुंडाळून झोपवत असाल तर तेही त्याच टप्प्यावर बंद.

इथला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्रा तापतो, त्यात लाईट जाते, पंखा बंद, आणि वीस मिनिटांत बाळ जागं. चार्जिंगचा छोटा पंखा हा बाळाच्या खरेदीतला सगळ्यात उपयोगी खर्च. अंगात एक सुती झबलं पुरे. टोपी, मोजे घरात नकोत. गरम होतंय का ते हातपाय धरून कळत नाही, मानेला आणि छातीला हात लावून बघा. आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, फक्त जास्त वेळा दूध पाजा.

आवाजाचं म्हणाल तर पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना घाट चढण्यासाठी कर्जतला मागून इंजिनं लागतात. त्यांचे भोंगे आपल्याला जन्मापासून ऐकू येतात, बाळालाही सवय होते. कुकरची शिट्टी आणि फोडणीचा ठसका मात्र झोपेआधी उरकून घ्या. फोनवर पावसाचा आवाज लावणार असाल तर हळू ठेवा आणि फोन सहा-सात फूट लांब ठेवा. पाळण्यात फोन नको. आणि धुरी नको. धूर लहान फुप्फुसांना वाईट, मग तो ओव्याचा असो नाहीतर उदबत्तीचा.

आता जरा जुनी गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याच भागातल्या माणसांची आहे. शंभर वर्षांपूर्वी कोकणातून किती कुटुंबं मुंबईच्या गिरण्यांत गेली! बायकाही कामाला जायच्या. दिवसभर बाळ कुठे ठेवणार? १९२२ मध्ये मुंबईत डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी पाहणी केली, तेव्हा आढळलं की गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या जवळपास सगळ्या बाळांना अफू दिली जात होती. 'बाळागोळी' म्हणून ती मिळायची. आई कामावर, बाळ गुंगीत. त्या आया वाईट नव्हत्या. पाळीचा भोंगा वाजला की निघावंच लागायचं, आणि बाळाला सांभाळायला माणूस नव्हता.

हे बदललं ते आयांना उपदेश करून नाही. मुंबईत १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले होते. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद आली. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. तिथे आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. तुमच्या कंपनीत पाळणाघर आहे का, हे एचआरला ईमेलवर विचारा. लेखी विचारा.

आणि आजची बाळागोळी? जायफळ उगाळून चाटवणं, कुणीतरी दिलेली गुटी, सर्दीचं औषध 'झोप लागेल' म्हणून. हे काहीही देऊ नका. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि एक वर्षापर्यंत मधही नाही. मधातून बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा. २६ आठवड्यांतले काही आठवडे बाळंतपणाआधीच जातात. म्हणजे आई कामावर परत जाते तेव्हा बाळ साडेचार-पाच, फार तर सहा महिन्यांचं असतं. नेमकं याच वयात डुलक्या चारच्या तीन होतात आणि झोपेची घडी विस्कटते. त्याच आठवड्यात झोपवणारा माणूसही बदलतो. मग आजी म्हणते, 'माझ्याकडे झोपतच नाही गं.' झोपेल, पण त्याला दोन-तीन आठवडे आधीपासून सवय लागते. म्हणून रजा संपायच्या महिनाभर आधी रोजची एक डुलकी बाबानं किंवा आजी-आजोबांनी घ्यायची. त्या वेळी आईनं समोर थांबायचं नाही. प्रत्येकाची पद्धत वेगळी चालेल. आई पाजून झोपवेल, आजोबा खांद्यावर थोपटून, बाबा अंगाई बेसूर म्हणून. फक्त क्रम सारखा ठेवा: लंगोट बदलणं, पडदा ओढणं, तेच एक गाणं, मग गादी.

बाबा लोकांनो, आता तुमच्याशी. कर्जतहून मुंबईला ऑफिस असेल तर जाऊन-येऊन चारेक तास गाडीत. रात्री नऊला घरी येता, बाळ झोपलेलं असतं, आणि वाटतं उठवून जरा खेळवावं. वाटणं साहजिक आहे, पण उठवू नका. त्या दहा मिनिटांच्या खेळाची किंमत रात्री आई मोजते. त्यापेक्षा सकाळ तुमची करा. बाळ साडेपाच-सहाला उठतंच. गाडीआधीचा अर्धा तास तुमचा, आणि शनिवार-रविवारच्या दोन्ही डुलक्या तुमच्या. घरून काम असेल तर दिवसातली पहिली डुलकी घ्या, कारण तीच सगळ्यात भरवशाची असते. पण त्या वेळेत क्लायंट कॉल ठेवू नका. मध्येच थांबवता येईल असं काम ठेवा. डुलकी ४० मिनिटांत संपू शकते आणि ती संपण्याआधी कॅलेंडर इनव्हाइट पाठवत नाही.

आमच्या घरात एक नियम आहे: दिवसातली एक डुलकी आईची. त्या वेळात भांडी नाहीत, कपडे नाहीत, फोनवर नातेवाईक नाहीत. ती झोपेल, नाहीतर नुसती पडून राहील. 'बाळ झोपलं की तूही झोप' हे सगळे सांगतात, पण तेव्हा भांडी कोण घासणार हे कुणी सांगत नाही. ते नाव ठरवा. ठरलेलं नाव नसेल तर काम तिच्याकडेच जातं.

आजीशी वाद कसा टाळायचा? एक उदाहरण. दिवेलागणीला झोपू देऊ नये, असं म्हणतात. पण चार-पाच महिन्यांच्या बाळाला पाच-साडेपाचला छोटी डुलकी लागते, नाहीतर सात वाजता घर डोक्यावर घेतं. आम्ही साडेचारलाच झोपवायला लागलो. दिवा लागेपर्यंत बाळ उठलेलं. आजीचंही राहिलं, बाळाचंही झालं. आणि बाळ बघायला येणाऱ्यांना आधीच वेळ सांगा. 'चार वाजता या' म्हणण्यात उद्धटपणा काही नाही. व्हॉट्सअॅपवर टाका, लोक ऐकतात.

शेवटी, कधी थांबायचं नाही ते सांगतो. झोपेत श्वास थांबतोय, ओठ निळे पडतायत, दूध प्यायलाही जागं होत नाही इतकं सुस्त आहे, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आहे, तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना. गाडी नसेल तर १०८. रोज घोरत असेल तरी डॉक्टरांना दाखवा. आणि आशाताईंना विसरू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं तर पहिल्या ४२ दिवसांत त्यांच्या सहा भेटी असतात, आणि पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांनाही. त्या आल्या की वजनासोबत झोपेचंही विचारा. आईची झोप हरवली असेल, सारखं रडू येत असेल, तर तेही सांगा. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

तर आजच्यापुरतं एवढंच. हा भाग आवडला तर एखाद्या नव्या बाबाला पाठवा, आणि तुमच्या घरात दुपारची डुलकी कुणाकडे आहे ते मला व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात वरच्या अन्नाबद्दल बोलू, नाचणीच्या सत्त्वापासून सुरुवात. भेटूया, काळजी घ्या!