धाक कोणाला दाखवायचा?

२० मार्च १९९५, सोमवारची सकाळ. टोकियोची मेट्रो कामावर निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली. ओम शिनरिक्यो पंथाच्या पाच जणांनी वेगवेगळ्या गाड्यांत द्रवरूप सरीन या जहाल विषाच्या पिशव्या छत्रीच्या अणकुचीदार टोकाने फोडल्या आणि ते निघून गेले. डझनाहून अधिक माणसे दगावली, हजारोंना विषबाधा झाली. सरीन अशुद्ध होते, म्हणून एवढ्यावर निभावले.

शत्रुराष्ट्राला धाक दाखवता येतो. त्याला राजधानी असते, गमावण्यासारखे पुष्कळ असते. पण जगबुडीचीच वाट पाहणाऱ्या पंथाला कसली भीती घालणार? तिथे शिक्षेपेक्षा अटकाव महत्त्वाचा. या पंथाकडे पैसा होता, उच्चशिक्षित शास्त्रज्ञ होते, फुजी पर्वताच्या परिसरात स्वतःचा कारखाना होता. आणि धार्मिक संस्था म्हणून मिळालेले कायद्याचे कवचही! जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात याच पंथाने सरीन सोडले, तेव्हा संशय मात्र एका निरपराध रहिवाशावर घेतला गेला. माझ्या मते खरी संधी तिथेच हुकली.

पुढे १९९७ मध्ये रासायनिक अस्त्रबंदी करार अमलात आला. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव १५४० संमत केला. अण्वस्त्रे, रासायनिक आणि जैविक अस्त्रे बिगरसरकारी गटांच्या हाती पडू नयेत, यासाठी प्रत्येक देशावर कायदे करण्याचे बंधन आले. भारताने २००५ मध्ये तसा कायदा केला. २०२२ च्या दुरुस्तीने अशा अस्त्रांसाठी पैसा पुरवण्यावरही बंदी घातली.