तुवालू : लगूनच्या काठावरचा देश

मंडळी, नकाशात तुवालू शोधायला बसलात तर भिंग लागेल. हवाई आणि ऑस्ट्रेलिया यांच्या साधारण मधोमध नऊ बेटं, सगळी मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर, माणसं अकरा हजारांच्या आसपास. १९७८ साली ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य, २००० साली संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व. इतिहास इथेच आवरता घेतो. मला बोलायचंय पाण्याविषयी.

राजधानी फुनाफुती. तिथलं लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेलं आतलं पाणी, सुमारे २७५ चौरस किलोमीटर. अख्ख्या देशाच्या जमिनीच्या दहापट! फोंगाफाले हे मुख्य बेट त्या कड्यावरची निव्वळ पट्टी. काही ठिकाणी रुंदी वीसेक मीटर.

हे कडं आलं कुठून? डार्विनने १८४२ साली उत्तर दिलं होतं: ज्वालामुखी हळूहळू खचतो, प्रवाळ त्याच्या कडेने वर वर चढत राहतो, डोंगर बुडतो आणि कडं उरतं. ते तपासायला लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात फुनाफुतीतच भोकं पाडली. ३४० मीटर खाली गेले तरी चुनखडकच! ज्वालामुखीचा खडक लागला तो १९५२ मध्ये, दुसऱ्याच बेटावर, एनिवेटॉकला, सव्वा किलोमीटरहून खोल. डार्विनचं म्हणणं खरं ठरलं, पण तोवर त्याला जाऊन सत्तर वर्षं झाली होती.

अशी जमीन एका जागी स्वस्थ बसत नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये बेबे चक्रीवादळाने घरं धुऊन नेली आणि त्याच तडाख्यात प्रवाळाच्या तुकड्यांचा कित्येक किलोमीटर लांब बांध कड्यावर आणून टाकला. पुढे लाटांनी तो माल किनाऱ्याकडे ढकलला. १९७१ ते २०१४ या काळात तुवालूचं क्षेत्रफळ सुमारे तीन टक्क्यांनी वाढल्याचं संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. ‘तुवालू बुडतंय’ ही बातमी वाचली की म्हणूनच मला ती अर्धीच वाटते.

पण क्षेत्रफळ वाढलं म्हणून पोट भरत नाही. अळूच्या जातीचा पुलाका नावाचा मोठा कंद तिथे खड्ड्यांत लावतात. खड्डा खणायचा तो जमिनीखालच्या गोड्या पाण्याच्या थरापर्यंत. जमीन चाळणीसारखी, मोठ्या भरतीला समुद्र किनारा ओलांडून येण्याआधीच पायाखालून वर येतो आणि खड्डे खारे होतात. त्यात १९४३ मध्ये अमेरिकी सैन्याने धावपट्टी बांधताना बेटावरचीच माती-दगड उपसले. त्या उपशाचे खड्डे पुढची सत्तर वर्षं उघडे राहिले. २०१५ मध्ये ते बुजवायला वाळू काढली ती लगूनमधूनच. धावपट्टीवर संध्याकाळी आजही पोरं फुटबॉल खेळतात. विमान यायचं झालं की भोंगा वाजतो.

आता राजकारण. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार झाला: वर्षाला २८० तुवालूवासीयांना तिथे स्थायिक होण्याची मुभा. त्याच वर्षीच्या नव्या राज्यघटनेने सांगितलं की समुद्राने जमीन गिळली तरी राष्ट्र आणि त्याची सागरी हद्द कायम राहील. यात भावनेबरोबर हिशेबही आहे, बरं का. परदेशी जहाजं तिथे ट्यूना मासा पकडतात त्याचं परवाना शुल्क हा सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार, आणि ते मिळतं त्या हद्दीच्या जोरावर.