अकरा दिवसांचा प्रश्न



धर्मांची तुलना करायला बसलेला माणूस बहुधा ईश्वर, आत्मा, मोक्ष यांपासून सुरुवात करतो आणि ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ इथे येऊन थांबतो. त्यामागची सद्भावना खरी असते, पण एकाही धर्माची ओळख त्यातून होत नाही. त्यापेक्षा भिंतीवरचे पंचांग उघडावे. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात. सूर्याला आणखी अकरा दिवस लागतात. या अकरा दिवसांचे काय करायचे?

हिंदू पंचांगाने अधिक महिना घातला. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही, तो अधिक. तो साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो. २०२३ साली श्रावण दोनदा आला होता. या महिन्यात लग्नमुंजी नाहीत, पण महाराष्ट्रात तोच ‘धोंड्याचा महिना’: जावयाला बोलावून अनारशांचे वाण द्यायचे. गणिताची गरज थेट सासुरवाडीच्या पंगतीत येऊन बसली.

यहुदी पंचांगही महिना वाढवते, १९ वर्षांत सात वेळा. कारण वल्हांडण सण वसंतातच आला पाहिजे.

इस्लामने मात्र उलट केले. इस्लामपूर्व अरबस्तानात पवित्र महिने सोयीप्रमाणे पुढे ढकलले जात. कुराणाने ते निषिद्ध ठरवले. अधिक महिना नसल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० साली तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस सुरू होईल. ऐन मे महिन्याच्या उन्हाळ्यात रोजे धरणाऱ्याच्या वाट्याला पुढे हिवाळ्यातले आखूड दिवसही येतात. कोणत्याही एका देशाला कायमची सवलत नाही. हा अपघाताने निघालेला परिणाम असला, तरी त्यात मोठा न्याय आहे.

पारशांचा पेच निराळा, कारण त्यांचे पारंपरिक वर्ष ३६५ दिवसांचे आणि लीप दिवस नाही. पंचांगातल्या एका महिन्याच्या फरकावरून अठराव्या शतकात सुरतेत वाद पेटला आणि शहेनशाही व कदमी असे दोन पंथ झाले. श्रद्धा एक, अग्नी एक, तरी नवे वर्ष वेगळ्या दिवशी. तारीख ही किरकोळ बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

कोकणातल्या बेने इस्रायलींचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे. हे मराठी बोलणारे यहुदी तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले जाई. पुरीमला ते ‘होळीचा सण’ म्हणत. पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, होळी फाल्गुन पौर्णिमेला. दोन्ही पंचांगे अधिक महिना धरतात, म्हणून हे दोन सण एकमेकांपासून फार लांब जात नाहीत. ऋतूंमधून फिरणाऱ्या एखाद्या सणाला असे नाव चिकटलेच नसते. शेजाऱ्याच्या सणाचे नाव घेतले, पण त्या दिवशी सिनेगॉगमध्ये वाचली जाते ती एस्तेर राणीचीच कथा.