औषधव्यवसाय परिषदेत रुग्णाची खुर्ची

(मुलुंड येथे औषधविक्रेते, औषधशास्त्राचे विद्यार्थी व नागरिक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



येथून जवळच, लालबहादूर शास्त्री मार्गावर, राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. त्याच्या आवारातच महाराष्ट्र राज्य औषधव्यवसाय परिषदेचे कार्यालय आहे. औषधशास्त्राची पदविका वा पदवी घेतलेला तरुण अंधेरीचा असो की गडचिरोलीचा, नोंदणीसाठी त्याला याच कार्यालयाकडे यावे लागते. औषधव्यवसायाशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ही परिषद परिचित आहे. ज्याच्यासाठी हा व्यवसाय चालतो त्या रुग्णाला मात्र तिचे नावही सहसा ठाऊक नसते. परिषदेवर कोण बसतो आणि कोण बसत नाही, एवढ्याच विषयावर आज मी बोलणार आहे.

एके काळी औषधे तयार करून देण्याचे काम कोणीही करू शकत असे. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३१ साली या अनागोंदीकडे लक्ष वेधले. पुढे १९४८ मध्ये संसदेचे कार्य करणाऱ्या संविधान सभेने औषधव्यवसाय अधिनियम संमत केला. त्याच्या १९ व्या कलमात राज्य परिषदेची रचना सांगितली आहे. सहा सदस्य नोंदणीकृत औषधव्यवसायी आपल्यातून निवडून देतात. पाच सदस्य राज्य शासन नामनिर्देशित करते. वैद्यक परिषद आपला एक सदस्य निवडून पाठविते. राज्याचा मुख्य प्रशासकीय वैद्यकीय अधिकारी, औषध नियंत्रण यंत्रणेचा प्रमुख आणि एक शासकीय विश्लेषक हे तिघे पदसिद्ध. एकूण पंधरा. औषध बनविणारे, विकणारे, लिहून देणारे, तपासणारे या सर्वांची सोय येथे झाली आहे. औषध घेणाऱ्याची तेवढी राहून गेली.

ही उणीव केवळ तात्त्विक आहे असे कोणी समजू नये. नोंदपुस्तकातून एखाद्याचे नाव काढून टाकण्याचा अधिकार परिषदेच्या कार्यकारी समितीला आहे. परिषदेने तो आदेश कायम करावयाचा असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे, असा औषध नियमांचा दंडक आहे. तरीही भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र टांगलेले आणि गल्ल्यामागे दुसराच उभा, हे दृश्य उपनगरांतील कोणत्याही रेल्वे स्थानकाबाहेर पाहावयास मिळू शकते. प्रमाणपत्र भाड्याने देण्याचा हा प्रकार सर्वांना माहीत आहे. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या उपस्थितीचा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी तीव्र नाराजी व्यक्त केली होती. प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्याचे नाव नोंदपुस्तकात ठेवावे की काढावे, याचा विचार करणाऱ्यांत बहुसंख्य त्याच व्यवसायातील असतील, तर मनात संकोच येणे स्वाभाविक आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका घ्यावयाची नाही. परंतु चुकीच्या गोळीने ज्याचा जीव धोक्यात येतो, त्याच्या वतीने प्रश्न विचारणारा त्या खोलीत कोणीच नसतो.

निवडणुकीने येणाऱ्या सहा जागांविषयीही थोडे बोलले पाहिजे. दुकानाचा मालक, रुग्णालयातील औषधव्यवसायी, कारखान्यातील तज्ज्ञ, महाविद्यालयातील अध्यापक आणि बोरिवलीच्या एखाद्या दुकानात दिवसभर उभी राहणारी पदविकाधारक मुलगी, या सर्वांचा मतदारसंघ एकच. सुसंघटित असेल त्याचा आवाज मोठा होतो. त्या मुलीचे आणि तिच्या मालकाचे हित प्रत्येक वेळी एकच असते काय? नोकरी करणाऱ्यांसाठी यातील दोन जागा तरी राखून ठेवणे योग्य ठरेल, असे माझे मत आहे. त्यासाठी मात्र कायद्यातच दुरुस्ती करावी लागेल.

ज्या योजनेच्या रुग्णालयाच्या आवारात परिषदेचे कार्यालय आहे, त्या कामगार विमा योजनेचा कायदाही १९४८ सालचाच. त्या कायद्याने महामंडळावर मालकांच्या प्रतिनिधींबरोबर कामगारांचेही प्रतिनिधी बसविले. विम्याचा हिशेब कामगाराला कळणार नाही, अशी सबब तेव्हा कोणी मान्य केली नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यात मात्र रुग्णाचा विसर पडला.

‘सामान्य माणसाला औषधशास्त्रातले काय समजते?’ हा आक्षेप आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. ब्रिटनमध्ये २०१० साली औषधव्यवसायाच्या नियमनासाठी स्वतंत्र परिषद स्थापन झाली. तिच्या चौदा सदस्यांपैकी निम्मे व्यवसायाबाहेरचे ठेवण्यात आले. रेणूंची रचना त्यांनी सांगावी अशी अपेक्षा कोणी केली नाही. तक्रार किती काळ पडून राहिली आणि निर्णयाची कारणे नोंदली गेली का, हे विचारण्यास पदवी लागत नाही.

आपल्या देशात सुधारणेचे वारे वेगळ्या दिशेने वाहू लागले आहे. २०२० साली भारतीय वैद्यक परिषद जाऊन राष्ट्रीय वैद्यक आयोग आला आणि निवडून आलेल्यांचे प्राबल्य संपून नियुक्तांचे आले. १९४८ च्या औषधव्यवसाय कायद्याच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणाऱ्या विधेयकाचा मसुदा केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिप्रायासाठी प्रसिद्ध केला. शासनाच्या सेवेत राहूनही मला सांगितले पाहिजे की निवडणूक काढून टाकणे हा निवडणुकीतील दोषांवरचा उपाय नव्हे. नियुक्त सदस्य शासनाकडे पाहतो, निवडलेला मतदाराकडे. रुग्णाकडे पाहण्याची सक्ती दोघांवरही नाही.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही. शासनाने नामनिर्देशित करावयाच्या पाच जणांपैकी किमान तिघे औषधशास्त्राचे पदवी-पदविकाधारक किंवा नोंदणीकृत असावेत, एवढीच अट १९ व्या कलमात आहे. उरलेल्या दोघांनी त्या व्यवसायातलेच असावे असे कोठेही म्हटलेले नाही. त्या दोन जागा रुग्णांच्या व ग्राहकांच्या प्रतिनिधींना देण्यासाठी विधेयक नको, संसद नको. मंत्रालयातील एक अधिसूचना पुरेशी आहे. परिषदेची मुदत पाच वर्षांची असते. पुढील नामनिर्देशनापूर्वी शासनाने या दोन जागांसाठी वृत्तपत्रांतून जाहीररीत्या नावे मागवावीत. उमेदवाराच्या अथवा त्याच्या कुटुंबीयांच्या नावे औषधविक्रीचा परवाना नसावा, औषध कंपनीशी त्याचा आर्थिक संबंध नसावा आणि दोघांपैकी एक मुंबईबाहेरचा असावा. मुलुंडपर्यंत येण्याजाण्याचा भत्ता इतर सदस्यांना मिळतो तोच त्यांनाही द्यावा.