विकण्याआधी विचारणे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझ्या भाचीने पदवीला 'मार्केटिंग' हा विषय घेतला, तेव्हा मी नाक मुरडले. म्हटले, "विकायला शिकण्यासाठी कॉलेज कशाला?" तिने वाद घातला नाही; पुस्तकच पुढे ठेवले.

त्यात मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६० साली मांडलेली चार अंगे होती : वस्तू, किंमत, विक्रीचे ठिकाण व प्रसिद्धी. वाचताना मला गेल्या दिवाळीत उरलेली आपली भाजणी आठवली. भाजणी खमंग होती. पण पुडा किलोचा, आणि पुष्कळ घरांत माणसे दोन! गिऱ्हाइकाला किती हवी, हे आपण विचारलेच नव्हते. हे विचारणे नीट जमावे म्हणून या मुली संख्याशास्त्र, हिशेब, माणसांच्या आवडीनिवडी अभ्यासतात.

१९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केले. त्या अनुभवातून शिकत गेल्या. आपल्या मुलींना अनुभवाबरोबर शास्त्रही मिळत असेल, तर आपण आड का यावे?

भाचीला मी एवढेच सांगितले : जे आपल्या घरी आणणार नाहीस, ते दुसऱ्याच्या गळ्यात मारू नकोस.

आणि यंदा भाजणी पाव किलोच्या पुड्यांत बांधू या!