तिच्या शब्दात लिहूया
(परभणी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण कायद्याची माहिती लिहून इंटरनेटवर ठेवतो. पण जिंतूर-गंगाखेडकडची बाई ती शोधणार कोणत्या शब्दांनी? ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ असे काही ती लिहिणार नाही. ती फोनमध्ये बोलेल, ‘नवरा मारतो, काय करू?’ हे शब्द आपल्या लेखात नसतील, तर तो तिच्यापर्यंत पोचणे अवघड आहे.

म्हणून मी सांगते, लिहायला बसण्याआधी बायकांशी बोला. त्या ‘निर्वाह भत्ता’ म्हणत नाहीत, ‘खावटी’ म्हणतात, ‘पोटगी’ म्हणतात. ‘परित्यक्ता’ हा आपला शब्द. त्या म्हणतात, ‘नवरा नांदवत नाही’. हे शब्द मथळ्यात, पहिल्या परिच्छेदात, उपशीर्षकांत आले पाहिजेत. शेजारी कायद्याचे नावही द्या. अर्ज करताना तेच लागते.

मात्र एकच शब्द वीस वेळा घुसडू नका. गूगलच्या नियमांत ती लबाडी धरली जाते आणि लेख मागे पडू शकतो. पानामागे लपवलेली शब्दांची यादी तर क्रम लावताना आपण विचारातच घेत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

आणि शब्द वापरला, की उत्तरही द्या. मार खाणाऱ्या बाईला संरक्षण अधिकारी, न्यायदंडाधिकारी आणि १८१ हा मदतीचा क्रमांक पहिल्या चार ओळींत सापडू द्या. चोरून फोन बघणाऱ्या बाईजवळ वेळ थोडा असतो.