लिनक्सचें स्थलांतर

लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आपल्या नव्या कार्यप्रणालीची वार्ता जाहीर केली, तेव्हां ती इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवरून अन्यत्र नेतां येण्याजोगी नाहीं, असें त्यानें स्वतःच सांगितलें होतें. पुढें लिनक्स या नांवानें ख्यात झालेल्या त्या प्रणालीची मूळ संहिता सर्वांस खुली होती. त्यामुळें कांहीं हौशी मंडळींनीं ती अमिगा व अटारी या घरगुती संगणकांवर नेलीच. या संगणकांत मोटोरोलाच्या ६८००० कुळांतील प्रोसेसर असत.

हें काम बिऱ्हाड हलविण्याइतकें सोपें नव्हे. श्रोत्यांनीं क्षणभर असे दोन कारकून कल्पावे कीं, एक संख्येचा लहान अंक आधीं लिहितो व दुसरा मोठा. एकाची वही दुसऱ्यानें वाचली कीं बाराचे एकवीस होतात! इंटेल व मोटोरोला यांच्यांत बाइटांच्या क्रमाबाबत नेमका हाच भेद आहे. डॅनी कोहेन यांनीं १९८० सालीं या तंट्याला अंडें कोणत्या टोकानें फोडावें या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधील वादाचें नांव दिलें, तें चपखलच म्हटलें पाहिजे.

शिवाय १९७९ सालच्या मूळ ६८००० मध्यें एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या स्मृतींत शिरण्यापासून रोखणारी यंत्रणाच नव्हती. ती ६८०३० मध्यें अंगभूत आली. त्याहूनहि चोरटी अडचण निराळीच आहे. चार बाइटांची संख्या चारानें भाग जाणाऱ्या पत्त्यावरच असणार, असें बहुतेक प्रोग्रामकार गृहीत धरतात. या कुळांत मात्र दोनानें भाग गेला तरी पुरतें. मग इतरत्र निर्धोक चालणारा प्रोग्राम येथें अकस्मात् कोसळतो, आणि दोष कोठें आहे तें शोधण्यांत दिवस जातात.

यंत्रें मंद, प्रोग्राम मात्र वाढते. २००७ सालच्या आवृत्तींत डेबियननें या कुळाला अधिकृत यादींतून वगळलें. खरें संकट पुढेंच होतें. जुन्या अंतर्गत पद्धतीवर विसंबलेल्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकण्याचें जीसीसी या कंपायलरच्या कर्त्यांनीं ठरविलें. कंपायलर गेला म्हणजे सारेंच गेलें! तेव्हां चाहत्यांनीं वर्गणी जमविली, आणि बर्न्ड श्मिट यांनीं २०१९ सालीं तो भाग नव्या पद्धतीनें लिहून दिला. २०२१ सालीं निघालेल्या जीसीसीच्या अकराव्या आवृत्तींत ६८००० कुळ कायम राहिलें.

ज्या ३८६वर लिनक्स जन्मली, त्याचा आधार मात्र तिच्या कर्त्यांनीं २०१२ सालींच काढून टाकला होता.